समुद्रफुलातली जोडी

वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, समुद्रातल्या प्रवाळ खडकावरच्या विदूषक माशांची एक जोडी हवी होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे हे मासे लोक शोभेसाठी इतके पकडतात, की खडक ओस पडत चाललाय. "टाक्यांत पिल्लं वाढवून विकीन, मग इकडे कोणी फिरकणार नाही," हा वन्संचा बेत. म्हणून आम्ही तिघं निघालो: वन्सं, मी आणि होडी चालवायला आमचे हे.

"अरे, नांगर प्रवाळावर टाकशील तर याद राख! मोडेल ते. वाळूत टाक!" वन्सं भावावर गरजल्या. यांनी नांगर वाळूत टाकला, टोपी तोंडावर ओढली आणि हे घोरायला लागले.

आम्ही दोघींनी बुडी मारली. पाण्याखाली जांभळ्या-पिवळ्या प्रवाळांच्या फांद्यांमध्ये एक समुद्रफूल डुलत होतं. फूल कसलं, डसणाऱ्या बोटांचा प्राणीच तो! पण त्याच बोटांत ती जोडी खुशाल लोळत होती. वन्संनी जाळी पुढे केली, तर मादी सरळ त्यांच्या अंगठ्याला चावली. शेवटी दोघंही सोबतच्या मोठ्या बरणीत आली. आम्ही वर आलो.

होडी नव्हती!

वाळूतला नांगर सुटला होता! होडी पार दूर वाहत गेली होती आणि आत हे गाढ झोपेत. प्रवाह आम्हालाही ओढू लागला. तेवढ्यात वन्संच्या पायात गोळा आला. त्या बुडाल्या. वर आल्या. पुन्हा बुडाल्या!

"वन्सं, बरणी रिकामी करते! तिला धरून तरंगा!"

"इथं ओतू नकोस!" तोंडातलं खारट पाणी थुंकत त्या ओरडल्या. "उघड्यावर कोणीही गिळेल त्यांना. खाली फुलात सोड!"

"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? जा!"

समुद्रफूल अजून पायाखालीच होतं. मी बुडी मारली. झाकण फिरेना. छाती फुटायला आली. फिरलं! दोन केशरी ठिणग्या सुळकन फुलात शिरल्या. वर येऊन बरणी ओतली, झाकण आवळलं आणि वन्संच्या छातीशी दिली. मग आम्ही दोघींनी जी काही बोंब ठोकली!

टोपी उडाली. इंजिन फुरफुरलं. मला त्या इंजिनाचे, त्या बरणीचे, यांच्या कानांचेसुद्धा आभार मानावेसे वाटले. होडीत आल्यावरही वन्सं माझा हात सोडेनात.

"जोडी मिळाली का?" यांनी भीत भीत विचारलं.

"मिळाली," वन्सं म्हणाल्या. "हिने तिला घरी पोचवलं."