अठरावा रंग जुळेना

"ही गोधडी उसवावी लागेल."

दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी तरुणाचं हे पहिलं वाक्य. ना नमस्कार, ना नाव, ना गाव. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या प्रेमात एखादी शहाणी मुलगी पडेल का? हर्षदा शहाणी होती, निदान त्या सोमवारपर्यंत तरी.

ओट्यावरच्या उन्हात ती पाय पसरून बसली होती. मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी. तिने दाताने दोरा तोडला, सुई ओढणीला टोचली आणि शांतपणे विचारलं, "उसवावी लागेल? आणि ती कोण उसवणार, तुम्ही?"

"म्हणजे तसं नाही… मी योगराज. पांडेसऱ्याला डाईंग मिल आहे, तिथं लॅबमध्ये असतो. चूक माझीच झाली, पण—"

चूक अशी, की एका पार्टीने अठरा रंगांचे कापडी नमुने मिलमध्ये पाठवले होते. हुबेहूब तसेच रंग बनवून द्यायचे होते. योगराजने ती पिशवी दोन मिनिटं चिंध्यांच्या पोत्यावर ठेवली आणि चहा प्यायला गेला. परत येतो तर टेम्पो पोत्यासकट पिशवी घेऊन पसार. पर्वत पाटियाच्या चिंधीवाल्याने सांगितलं, ते पोतं तर उधन्याची गोधडीवाली घेऊन गेली.

गोधडीवाली म्हणजे हर्षदा. वडील लूमवर कामाला, घर खानदेशी, आणि हिला लहानपणापासून चिंध्यांचं वेड. सुरतेत साड्यांच्या चिंध्यांना काय तोटा? जिथे पाहील तिथे तिला गोधडी दिसायची. लोचोची, म्हणजे त्या मऊ पिवळ्या सुरती फरसाणाची प्लेट समोर आली, की आधी पिवळ्यावर पसरलेली हिरवी कोथिंबीर डोळे भरून बघायची आणि मग खायची. उत्तरायणानंतर तारांवर लटकलेले फाटके पतंग बघून तिने एक अख्खी गोधडी बेतली होती. मांडीवरची ही गोधडी अडाजणच्या मनीषाबेनच्या लेकीच्या लग्नाची, आणि ते अठराही नमुने एव्हाना तिच्यात शिवून झाले होते. पुढच्या रविवारी द्यायची होती.

"एक टाका उसवणार नाही," हर्षदा म्हणाली.

"पुढच्या शनिवारपर्यंत रंग दिले नाहीत तर मिलचे रंगाचे मास्तर मला काढून टाकतील हो."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या सुकलेल्या तोंडावर दिसत होतं. हर्षदाचा राग नाकावर असला तरी मन लोण्याचं. तिने थोडा विचार केला. "तुकडे इथून हलायचे नाहीत. तुम्ही रंग तिकडे बनवा, नमुने इकडे आणा आणि गोधडीला लावून बघा. चालेल?"

"चालेल. पण रंग उन्हातच बघावा लागतो. रोज सकाळी दहाला येऊ?"

"या की. ऊन काही माझ्या बापाचं नाही."

आणि असा योगराज रोज दहाला येऊ लागला. खिशातून पोस्टाच्या तिकिटाएवढे कापडाचे तुकडे काढायचा, गोधडीवर ठेवायचा, एक डोळा मिटून बघायचा. दोघांची डोकी एका तुकड्यावर वाकायची… आणि हर्षदाचा टाका हटकून वाकडा पडायचा.

"हा चारशे बारा," तो म्हणायचा.

"चारशे बारा काय? हा हरभऱ्याच्या घाट्याचा हिरवा."

"आणि हा दोनशे सात?"

"हा रताळ्याच्या सालीचा. आणि तो पलीकडचा, शेजारणीला साखर नाही म्हटल्यावर तिचं तोंड होतं ना, तसा लाल."

योगराज हसला. हसताना आधी डोळे हसायचे, मग ओठ. हर्षदाने ते पाहिलं आणि उगाच दोऱ्याचं रीळ शोधू लागली. रीळ तिच्या हातातच होतं.

तो हिंगोलीकडचा. 'बघायलो', 'यायलो' असं बोलायचा. हर्षदाच्या आईचं, सरलाबाईंचं अहिराणी मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "बठ ना रे भाऊ, उभा कसाले शे?" असं त्या म्हणाल्या, की तो घाबरून हर्षदाकडे बघायचा.

"बसा म्हणते," हर्षदा सांगायची. मग तो बसायचा आणि चांगला तासभर उठायचा नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत सतरा रंग जुळले. बुधवारी तो अठरावा घेऊन आला, रताळ्याच्या सालीचा. तुकडा गोधडीवर ठेवला आणि हर्षदाला तो दिसेनासाच झाला, इतका जुळला होता. संपलं म्हणायचं.

योगराजने एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. "नाही," तो म्हणाला. "जरा निळा जास्त व्हायलाय. उद्या परत आणतो."

हर्षदाने तोंडात मिठाची गुळणी धरली. रंगाच्या बाबतीत तिची नजर कधी चुकत नव्हती. पण माणसाच्या बाबतीत काय खात्री? खरंच त्याला दिसलं नसेल का? की…

गुरुवारी तो परत तुकडा घेऊन आला. "आता पिवळा जास्त." शुक्रवारी पुन्हा. "काहीतरी कमीच आहे बघा." आणि मग तासभर गप्पा, आल्याचा चहा, आणि जाताना दोनदा मागे वळून बघणं. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि इथे तर दोन मांजरं होती. सरलाबाई चुलीपाशी बसून दोन्हीकडे बघत होत्या.

पण शुक्रवारी तो गेल्यावर हर्षदाला घास गिळवेना. उद्या शनिवार. रंग मास्तरांच्या हातात पडला नाही तर याची नोकरी जाणार. आपण गप्प बसलो तर हा अजून एक दिवस येईल, आणि मग? आपल्या सुखासाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा? तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी त्याने तुकडा ठेवला आणि काही म्हणायच्या आधी तीच म्हणाली, "जुळलाय. बुधवारीच जुळला होता. मी मुद्दाम बोलले नाही. घेऊन जा तो, मास्तर वाट बघत असतील."

योगराज तिच्याकडे बघत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला. तुकडा खिशात घातला, चहाही न पिता गेला. जाताना एकदाही मागे वळला नाही.

हर्षदाने उरलेली गोधडी संध्याकाळपर्यंत शिवून संपवली. टाके सरळ पडले, अगदी एकूण एक.

रविवारी साडेनऊलाच मनीषाबेन आल्या. "बहु सरस," म्हणत त्यांनी गोधडी गालाला लावून पाहिली आणि पिशवीत भरली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली तशी ओट्यावर ऊन आलं. हर्षदा रिकाम्या हातांनी त्या उन्हात बसून राहिली. रडू येत होतं, पण रडायला तरी कारण सांगावं लागतं ना कुणाला.

दहाला योगराज आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस आणि हातात काही नाही.

"गोधडी तर गेली," हर्षदा म्हणाली.

"माहितीय. रिक्षा दिसली."

"मग? मास्तर काही बोलले का? नोकरी—"

"नोकरीला काय झालंय? रंग तर मी गुरुवारीच देऊन टाकले होते." त्याने मान खाली घातली. "काल तुम्ही 'घेऊन जा' म्हणालात. मला वाटलं, मला घालवायलाच बसलाय तुम्ही. रात्रभर तेच डोक्यात. मग सकाळी म्हटलं, जाऊन एकदा विचारावं तरी."

हर्षदाला हसावं की रडावं कळेना. तोवर तो उंबरा ओलांडून आत गेलाही होता. सरलाबाई पोळ्या लाटत होत्या.

"मावशी," तो म्हणाला आणि घसा खाकरला, "यापुढं काही काम नसताना आलो… म्हणजे रोज आलो… तर चालेल का?"

सरलाबाईंनी लाटणं थांबवलं. त्याच्याकडे पाहिलं, दारात थिजलेल्या लेकीकडे पाहिलं. "माले काय इचारस? पोरीलेच इचार. कालपाईन दारकडे देखी ऱ्हायनी, जेवनी बी नही."

योगराज नेहमीसारखा गोंधळून हर्षदाकडे वळला. "काय म्हणाल्या?"

"या म्हणते," हर्षदा पटकन म्हणाली.

"एवढ्या लांब बोलण्यात फक्त 'या'?"

आई लाटणं हातात धरून बघत होती. तो बघत होता. पळून जायला जागा नव्हती आणि, खरं सांगायचं तर, जायचंही नव्हतं.

"म्हणते…" हर्षदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "म्हणते की मी कालपासून दाराकडे डोळे लावून बसलेय. जेवलेसुद्धा नाही."

योगराजचे आधी डोळे हसले. मग त्याने पाटावर बैठक मारली आणि सरलाबाईंना म्हणाला, "मावशी, दोन ताटं वाढा. मीही जेवलेलो नाही कालपासून."