चौथा नळ

११ मार्च २००८. दिवेलागणीची वेळ. डोंगरकडा गावच्या शिवारात हळद शिजवायच्या बॉयलरची वाफ कमी झाली, आणि ती कुठून जातेय ते सापडेना.

सुरुवात एवढीच.

बॉयलर माझ्या मामेभावाचा, रामचा. त्या संध्याकाळी तिथं राम होता, त्याची बायको राजनंदिनी होती आणि त्याची आई, म्हणजे माझी जिवनबाई मामी. तिघांकडून मी वेगवेगळं ऐकलं. ताडून पाहिलं. एक गोष्ट सोडली तर तिघांचं बराबर जुळतं.

जे जुळतं ते आधी सांगतो.

ट्रॉलीवर बॉयलर. त्यातून निघालेले चार लोखंडी नळ, प्रत्येक नळ एकेका हळदीच्या ड्रमात. ऊब टिकावी म्हणून नळांवर गोणपाट गुंडाळलेलं. ते रामच्या पहिल्या बायकोनं, मनकर्णानं, सुतळीनं बांधलं होतं. तिच्या गाठी कुणाला सुटत नसत. ती त्याच्या दोन वर्षं आधी तापानं गेली होती.

राजनंदिनी दुसरी. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता. नखाएवढी चांदी, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे मेलेलीचा मान राहतो. ती जळत नाही.

जिवंत असलेलीचं काय, ते कुणी सांगत नाही.

त्या दिवशी राजनंदिनी चौथ्या ड्रमातलं हळकुंड काढून काडी टोचून शिजलं का ते पाहत होती. हळदीचे मालक संपतराव बांधावर बसून हसले.

"मनकर्णाला काडी लागत नव्हती. वासावरच सांगायची. न्हाई का रे राम?"

"तिचं नाकच येगळं होतं," राम म्हणाला. आणि हसला.

लग्न होऊन सात महिने झाले होते. त्याला असं हसताना राजनंदिनीनं पाहिलं नव्हतं.

संपतराव घराकडे गेले. ती ड्रमामागं गेली, टाक काढला आणि चौथ्या नळाच्या गोणपाटात, मनकर्णाच्या गाठीखाली खोचून दिला.

कुणी पाहिलं नाही.

थोड्या वेळानं बॉयलरवरचा वाफेच्या दाबाचा काटा उतरायला लागला. तीन ड्रम खदखदत होते. चौथा गार.

गळती शोधायची रामची रीत ठरलेली. बाभळीच्या दांडक्याचं एक टोक नळाला, दुसरं कानाला. लाकडातून आतली फुसफुस कळते. मग शिंदीचा झाडू नळाजवळून फिरवायचा. भोकातून निघालेली वाफ लगेच दिसत नाही, हात घातला तर सोलून निघतो. झाडू थरथरला, ओला झाला, की भोक तिथंच.

त्यानं चौथ्या नळाला दांडकं लावलं.

फुसफुस होती...

थांबली. पुन्हा आली. आणि मधे... आत ओढल्यासारखा आवाज.

गळती वाफ सोडते. आत ओढत नाही.

त्यानं झाडू फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडा. तेवढ्यात राजनंदिनी बॅटरी घेऊन जवळ आली...

झाडूच्या काड्या तिच्याकडे वळल्या. टोकांवरून पाणी ठिबकायला लागलं. गोणपाट मात्र कोरडं ठाक.

"मागं सर," राम म्हणाला.

ती सरली. काटा चढला.

त्यानं तिला पुन्हा बोलावलं. काटा उतरला. तिसऱ्यांदा ती आली आणि गळ्यावर हात दाबून मटकन खाली बसली. हात काढला तर टाक टेकायचा तिथं लाल चट्टा उठला होता.

नखाएवढा.

मामीनं बॅटरी गळ्यावर धरली. "टाक कुठं हाये, पोरी?"

राजनंदिनीनं नळाकडे बोट दाखवलं.

"काहून काढला?"

"भाजून राहिला होता."

बॉयलरच्या धगीनं का, असं मामीनं विचारलं. तिनं पदर चट्ट्यावर ओढून घेतला.

रामनं विळ्यानं सुतळी कापली, गोणपाट सोडलं. नळ साबूत होता. भोक नाही, चीर नाही.

टाकही नव्हता. त्यांनी माती चाळली, राख चाळली. मिळाला नाही.

फुसफुस चालूच होती... आता दांडक्याशिवाय ऐकू येत होती.

रामनं तरी दांडकं लावलं. राजनंदिनी उठली आणि उघड्या नळासमोर उभी राहिली.

"बाई, ड्रम तुझा. हळद तुझी. माणूस माझा."

आवाज बंद झाला. काटा चढला. चौथा ड्रम शिजला, आणि शिजल्याचं राजनंदिनीला वासावरच कळलं.

आता न जुळणारी गोष्ट. ती बोलली तेव्हा रामचा कान दांडक्याला होता. राम म्हणतो, काहीच ऐकू आलं नाही. मामी म्हणते, त्यानं मान हलवली.

राजनंदिनी म्हणते, तो हसला. तेच हसू.

पुढं वसमतच्या सोनाराकडून नवा टाक करून आणला. तिनं तो एकदाही काढलेला नाही. चट्टा गेलेला नाही.

यंदा बॉयलर पुन्हा चालला. कुठंच गळती नव्हती. तरी रोज काम संपल्यावर राम चौथ्या नळाला दांडकं लावून उभा राहायचा.

"काय ऐकून राहिले?" तिनं एकदा विचारलं.

"गळती," तो म्हणाला.

एकदा तो लाकडं आणायला गेला, तेव्हा तिनं दांडकं लावलं. आत आवाज होता... हळू, सलग, बोलल्यासारखा. तिनं कान नीट टेकवला, आणि तो थांबला.

आपण दारात आलो की आतले दोघं गप्प होतात, तसा.

तिनं बॉयलर विकायचा हट्ट धरला. राम लगेच तयार झाला, याचंच तिला नवल वाटलं. गेल्या सोमवारी साखरा गावचा एक जण बॉयलर घेऊन गेला. नळ मात्र तीनच. चौथा गळतो, असं रामनं त्याला सांगितलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे एकदा जाऊन आलो. चहा बाहेर ओट्यावरच घेतला.

दोन खोल्यांचं घर. कमरेएवढा लांब नळ. तो घरातच आहे, हे राम नाकारत नाही.

कुठं ठेवलाय, ते राजनंदिनीला अजून सापडलेलं नाही.