मंगळाहून आलेल्या भिंगरीची पिन

जी वस्तू बोटाने हलकेच ढकलली की आत जाते, ती चिमट्यात धरून जीव खाऊन ओढली तरी बाहेर का येत नाही? खंडेनवमीच्या दुपारी तन्मयी आणि तिचे आजोबा या कोड्यापुढे घाम पुसत बसले होते. कोडं सुटलं नसतं, तर मंगळावरचा वारा कायमचा पुसला गेला असता.

तन्मयीचे आजोबा, डॉ. दिगंबर पोतनीस, यंत्रांसाठी कान बनवणारे शास्त्रज्ञ. साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर त्यांची कार्यशाळा होती. त्यांनी बनवलेले कान लावून भिंगरी नावाची रोबो मंगळावर गेली होती. सहा चाकांची, तन्मयीच्या कमरेएवढी, लाल धुळीने कायमची तांबूस झालेली. मंगळावर जाऊन पृथ्वीवर परत आलेली ती पहिलीच रोबो. कान तपासायला ती एक दिवसासाठी आजोबांकडे आली होती आणि दुसऱ्या दिवशी बंगळूरहून माणसं येऊन तिच्या आठवणी उतरवून घेणार होती.

या आठवणींचीच मोठी काळजी होती. अवकाशातल्या किरणांनी भिंगरीची कायमची स्मृती मंगळावरच निकामी केली होती. म्हणून तिने ऐकलेलं सगळं तात्पुरत्या स्मृतीत (वीज चालू आहे तोवरच टिकणाऱ्या स्मृतीत) साठवलं होतं. वीज गेली की पाटी कोरी!

आता खंडेनवमीला कार्यशाळेतल्या हत्यारांची पूजा असते, हे काही सांगायला नको. आजोबा जगाला विज्ञान शिकवायचे, पण या पूजेत कधी खंड पडू द्यायचे नाहीत. सकाळी त्यांनी पक्कड, पाने, कानशी, चिमटे असं सगळं पुसून पाटावर मांडलं. शेजारी त्यांचा लाडका जुना रेडिओ ठेवला. रेडिओ केंद्रं बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी दरवर्षी त्याला झेंडूची माळ मिळायची. मग त्यांचं लक्ष भिंगरीकडे गेलं.

"एवढ्या लांबून आलीय पोर, हिला विसरून कसं चालेल?" असं म्हणत त्यांनी भिंगरीच्या छातीवर हळदकुंकू वाहिलं आणि आंब्याच्या डहाळीने पाणी शिंपडलं. पाण्याचा एक थेंब, कुंकवाला सोबत घेऊन, तिच्या छातीतल्या कनेक्टरमध्ये उतरला. ज्यांनी आयुष्यभर यंत्रांना ओलाव्यापासून जपलं, त्यांच्याच हातून हे व्हावं!

कनेक्टर म्हणजे तारांची जोडणी. प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत भोकं असतात, प्रत्येक भोकात धातूची बारीक पिन बसवलेली असते आणि पिनेच्या मागे तार असते. भिंगरीची बॅटरी अशाच एका पिनेतून भरली जायची. पाणी, कुंकू आणि चालू वीज एकत्र आली आणि पिन झपाट्याने गंजत गेली. दुपारी आजोबांनी ब्रशने तिच्यावरचा हिरवा थर साफ करायला घेतला, तर पिनेचं टोकच मोडलं.

भिंगरीच्या कपाळावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. "आजोबा, बॅटरी भरत नाहीये," ती म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत पुरेल. पण वीज वाचवायला मला आठवणींचे कप्पे एकेक करून बंद करावे लागतील. सर्वांत जुना कप्पा आधी."

"त्यात काय आहे?" तन्मयीने विचारलं.

"मंगळावरचा माझा पहिला वारा. तो अजून कोणीच ऐकलेला नाही."

त्या वाऱ्यासाठी तर आजोबांनी कान बनवले होते! त्यांनी बंगळूरला फोन लावला, पण आठवणी उतरवायचं यंत्र घेऊन तिथली माणसं उद्या सकाळशिवाय पोचू शकत नव्हती.

"आजोबा, भिंगरीच्या सुट्या भागांच्या डब्यात नवी पिन आहे, तार जोडलेली. जुनी काढायची आणि नवी बसवायची, एवढंच ना?"

"एवढंच." आजोबा पाटाकडे बघत पुटपुटले. "पण पूजेला लावलेली हत्यारं..."

"आजोबा!"

"बरोबर आहे तुझं. रोगी दारात असताना कसली पूजा! उचल तो चिमटा."

चिमट्याने तार धरून त्यांनी मागे ओढली. पिन जागची हलेना. आणखी जोर लावला, तर तारच तुटायला आली. सगळं प्लॅस्टिक फोडावं, तर तशी चौकट पृथ्वीवर दुसरी नव्हती. आजोबांनी हात आखडता घेतला.

तन्मयी नवी पिन बोटांत फिरवत होती. टोकाकडून मागे बोट फिरवलं की गुळगुळीत, उलट फिरवलं की काहीतरी टोचायचं. कुठेतरी हे आधी अनुभवल्यासारखं तिला वाटलं. तिने खाली पाहिलं. सकाळी ती आपट्याची पानं आणायला किल्ल्याच्या उतारावरच्या गवतातून गेली होती आणि तिचे मोजे कुसळांनी भरले होते.

"आजोबा, ही पिन म्हणजे कुसळ आहे!" ती ओरडली. "कुसळ मोज्यात आरामात शिरतं, पण मागे ओढलं की त्याचे केस उभे राहून अडकतात. जितकं ओढावं तितकं घट्ट!"

आजोबांनी भिंग पुढे केलं. भिंगाखाली पिनेच्या दोन्ही बाजूंना दोन इवले पंख दिसले. मुंगीच्या पायाहून थोडे मोठे असतील नसतील.

"आत जाताना पंख अंगाशी मिटतात," आजोबा हळूच म्हणाले. "आत पोचले की उघडतात आणि चौकटीच्या आतल्या कडेला अडतात. म्हणून तर यानाच्या उड्डाणाच्या थरथराटातही पिन निसटली नाही. तनू, एवढ्याशा पंखांनी ही पिन मंगळावरही धरून ठेवली होती आणि मी ती उपटायला निघालो होतो!"

दोघं क्षणभर त्या पंखांकडे बघतच राहिले. एवढ्याशा वस्तूत कुणीतरी केवढा विचार भरून ठेवला होता!

मग आजोबांनी बारीक सुई समोरून आत घालून एक पंख दाबला. दुसरा अडूनच राहिला. दुसरा दाबावा, तर पहिला पुन्हा उघडायचा.

"दोन्ही एकदम मिटायला हवेत," तन्मयी म्हणाली. "म्हणजे सुई नको, नळी हवी. पिनेवर टोपीसारखी बसणारी."

"अगदी बरोबर. भोक असं, की पिन आत मावेल. आणि भिंत इतकी पातळ, की पिन आणि चौकट यांच्या फटीत शिरेल."

बोलायला सोपं होतं, पण अशी नळी आणायची कुठून? बॉलपेनची कांडी जाड भिंतीची, ती फटीत शिरेना. इंजेक्शनच्या सुईचं भोक इतकं लहान, की पिन आत जाईना. सरबताची नळी सैल, पंखांना स्पर्शही होईना. भिंगरीचा दिवा पिवळ्याचा नारिंगी झाला होता.

"पहिला कप्पा बंद करण्याची वेळ जवळ आली आहे," भिंगरी शांतपणे म्हणाली. तिचं ते शांत बोलणं तन्मयीला रडण्यापेक्षाही वाईट वाटलं.

तन्मयीने पाटावर नजर फिरवली आणि ती रेडिओवर थांबली. त्याचं एरियल! एकात एक सरकणाऱ्या नळ्या, प्रत्येक आधीच्या नळीपेक्षा जराशी बारीक आणि सगळ्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ. पण आजोबांकडे बघून तिचे शब्द ओठांवरच अडले.

आजोबांनी तिची नजर पकडली. त्यांनी माळ उतरवली, एरियल पूर्ण ओढलं आणि एकेक नळी नव्या पिनेशी ताडून पाहिली. शेवटून दुसरी नळी चपखल बसली.

"लहानपणी यावरच मी लांबच्या देशांचे आवाज ऐकायचो," ते म्हणाले आणि कानशीने त्यांनी ती नळी कापली. कडा घासून गुळगुळीत केल्या.

नळी त्यांनी तन्मयीच्या हाती दिली. "तुझी बोटं बारीक आहेत. आधी मागून तार जराशी पुढे ढकल, म्हणजे पंखांवरचा ताण जाईल. मग समोरून नळी सरळ आत. जोर नको."

तन्मयी भिंगरीपुढे गुडघ्यांवर बसली. तिने तार पुढे ढकलली. नळी मोडक्या पिनेवर बसवून हळूहळू सरकवली. बोटांना जाणवली ती एक बारीकशी टिक. तिने तार मागे ओढली आणि पिन लोण्यातून यावी तशी अलगद बाहेर आली! तितक्याच सहज नवी पिन आत गेली, पुन्हा टिक झाली आणि या वेळी ती ओढूनही हलली नाही.

भिंगरीचा दिवा नारिंगीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा झाला. आजोबांनी तन्मयीला जवळ घेतलं. दोघांचेही डोळे भरून आले होते.

"माझ्यात गेली ती नळी कशाची होती?" भिंगरीने विचारलं. तन्मयीने तिला रेडिओ दाखवला.

"त्याला चालू करा," भिंगरी म्हणाली.

"अगं, आता केंद्रंच नाहीत. आणि एरियलही तोडलंय," आजोबा हसले.

"मी इतकी जवळ आहे, की उरलेलं एरियल पुरेल. मीच केंद्र होते."

आजोबांनी खटका दाबला. आधी खरखर झाली. मग एक खोल, मंद आवाज हळूहळू वाढत गेला, थांबला, पुन्हा आला. झाड नाही, पान नाही, ऐकायला कुणी नाही, अशा मैदानावरून वाहणारा वारा. तो साताऱ्याच्या त्या खोलीत, झेंडूच्या फुलांवरून फिरत होता. आजोबांनी नकळत हात जोडले.

खूप वेळाने तन्मयीने ती इवलीशी नळी हत्यारांच्या शेजारी पाटावर ठेवली आणि तिला कुंकवाचं कोरडं बोट लावलं. पाणी मात्र शिंपडलं नाही.

"पुढच्या वेळी मंगळावर जाणाऱ्या रोबोसोबत अशी नळी द्यायची," ती म्हणाली. "आणि ती नळी चालवायला मी जाईन."

"मी हे साठवून ठेवलं आहे," भिंगरी म्हणाली. "त्याच पहिल्या कप्प्यात, वाऱ्याच्या शेजारी."