दोन दरडींमधलं उष्टावण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसलो होतो, तेव्हा हौसाआजीनं मला भरल्या पानावरून उठवलं होतं.

हौसाआजी म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण. रत्नागिरीजवळच्या पालीची. ती खोटं बोलायची, नाही असं नाही. पण ते स्वतःच्या वयाबद्दल आणि सुनेच्या स्वयंपाकाबद्दल. हे मात्र तिनं दर वेळी तसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

साल १९३४. श्रावण. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली.

जागा आंबा घाट.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती. मला तर भीती त्याचीच वाटते.

हौसा तेव्हा विशीतली. नवरा मुंबईला गिरणीत. पदरात सहा-सात महिन्यांचा धाकू, आणि त्याला ताप. पालीच्या वैद्याचे काढे झाले. रत्नागिरीच्या दवाखान्यातली बाटलीतली औषधं झाली. ताप हटेना. आदल्या संध्याकाळपासून तर पोरानं अंगावर पिणंही सोडलं होतं. रडायचंही सोडलं होतं. घाटावर मलकापूरला एक डॉक्टर आहे, लहान पोरांसाठी त्याच्या हाताला गुण आहे, असं कोणीतरी म्हणालं. तिच्या सासऱ्यांनी, गंगारामनी, तेवढ्यावर गाडी जुंपली.

हा घाट एरवी बघण्यासारखा. साहेबलोक मुद्दाम मोटार थांबवून उभे राहायचे. कड्यावरून कोसळणारं पाणी, खाली हिरवीगार दरी. हौसाला त्यातलं काही दिसलं नाही. धुकं एवढं, की गाडीतून बैलांची शिंगं दिसत नव्हती. आणि तिचे डोळे पोराच्या छातीवर. श्वास चालू आहे ना, एवढंच ती बघत होती.

अर्धा घाट चढून झाला, आणि बैल थांबले.

गंगारामनी चाबूक उगारला. बैल मागे सरायला लागले.

ते खाली उतरून पुढे गेले. पुढे रस्ताच नव्हता. डोंगराचा अख्खा तुकडा, लाल माती, धोंडे, मुळांसकट झाडं, सगळं रस्त्यावर येऊन बसलं होतं.

"दरड आली गो," ते म्हणाले. "परतूया. पायथ्याशी जाऊन बघू काय करायचं ते."

गाडी वळवली. थोडी खाली आली असेल नसेल... जमीन हलली.

वीज पडल्यासारखा आवाज नव्हता तो. पोटातून आलेला आवाज होता. गाडीखालून आला. मग धुक्यात काहीतरी बराच वेळ घसरत राहिलं. मग गप्प.

खालचा रस्ताही गेला होता.

वर दरड. खाली दरड. एका अंगाला सरळ उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. मधे हाकेच्या अंतराएवढा रस्ता, त्यावर एक बैलगाडी, एक म्हातारा, एक बाई आणि तापानं निपचित पडलेलं पोर. हौसाआजी म्हणायची, डब्यात झाकण लावून ठेवावं तसं झालं.

गंगारामनी बैल सोडून चाकाला बांधले. "मी खालच्या दरडीवरनं पायवाट गावते का बघतंय. तू चार घास खाऊन घे."

"मना घास उतरायचा नाय, आबा."

"तू खाल्लं नायस, तर पोरग्यानं उद्या तोंड लावलंन तरी दूध कुठनं येयाचं? खा."

ते धुक्यात गेले. दोन पावलांवर दिसेनासे झाले.

हौसानं गाडीच्या आडोशाला, छपराच्या टोकाखाली पान मांडलं. शिदोरीतला मऊ भात आणि मीठ. मांडीवर धाकू. त्याचं अंग चुलीजवळच्या दगडासारखं तापलेलं. तिनं हात भातात घातला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

पाण्याचा आवाज येत नव्हता.

पाऊस पडत होता. धुकं मधेच विरळ झालं की समोर कड्यावरून पाणी कोसळताना अंधुक दिसत होतं. पण आवाज नव्हता. बैल कान ताठ करून उभे होते. त्यांच्या गळ्यातल्या घंटाही वाजत नव्हत्या.

मग वरच्या दरडीकडून आवाज आला...

ठक.

ठक.

ठक.

खडी फोडतात ना, तसा. हौसाचा जीव भांड्यात पडला. रस्त्याचे गडी आले! पलीकडून दरड फोडतायत!

"ओ दादा!" ती ओरडली. "हिकडं माणसं हायत ओ!"

ठकठक थांबली.

आणि धुक्यातून पावलं वाजायला लागली. पलीकडून नाही. अलीकडून. ह्याच रस्त्यावरून कोणीतरी सावकाश चालत येत होतं. डोक्यावरून पाठीवर इरलं घेतलेला माणूस. तो गाडीच्या कडेनं जायला लागला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आपण पानावर असताना वाटेनं कोणी गेलं, की 'या जेवायला' म्हणायचं. जाणाऱ्यानं 'होऊ द्या सावकाश' म्हणून पुढं जायचं. खरंच कोणी येत नाही आणि आपणही खरंच बोलावत नाही. पण न म्हणता घास खाल्ला तर तो घशात अडकतो. हौसाच्या तोंडून ते आपसूक निघालं.

"या जेवायला, दादा!"

पावलं थांबली...

"येतो," तो म्हणाला.

आणि आला. समोर उकिडवा बसला.

हौसा गोंधळली. पण बोलावलेल्या माणसाला काय उठवणार? तिनं दुसरं पान घेतलं, आपल्यातला भात त्यावर वाढला. वाढता वाढता तिच्या डोक्यात विचार येत होते. हा आला कुठून? वर वाट नाही. खाली वाट नाही. दरड ओलांडून आला असेल. पण मग आबांना का नाही येत ओलांडता?

इरलं खाली ओढलेलं होतं. तोंड दिसत नव्हतं. हात तेवढे दिसत होते. कोपरापर्यंत लाल माती, नखांत माती. पाऊस त्या इरल्यावर पडत होता... आणि त्याचाही आवाज येत नव्हता.

"पोर आजारी हाय?"

"होय."

"दूध घेत नाय?"

"कालपासनं नाय."

तो पोराकडं जरा वाकला. मग विचारलं, "उष्टावण झालं?"

उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात भाताचा पहिला घास. तो घालायचा मान मामाचा. हौसाला सख्खा भाऊ नव्हता.

"नाय झालं," ती म्हणाली. "चुलतभाऊ मुंबईला असतो. गणपतीला येयाचा हाय, तेव्हा करू म्हणलं."

"मना दादा म्हणालीस."

हौसानं धाकूवर पदर ओढला.

"मंग मामा मीच की."

तिनं धाकूला छातीशी धरलं. आबांना हाक मारावी, तर ते धुक्यात दिसतही नव्हते. उठून पळावं, तर पळायचं कुठं? हाकेच्या अंतराएवढा रस्ता. दोन्ही टोकांना डोंगर येऊन बसलेला. ह्या माणसाला टाळून जायला जागाच नव्हती.

इथपर्यंत आली की हौसाआजी नेहमी थांबायची. मग म्हणायची, "खोटं कशाला बोलू? मना दिसत होतं रे, पोर माझ्या हातातनं चाललंय. मलकापूर ऱ्हायलं लांब. तो माणूस नाय, हे पण मना कळलं होतं. पण म्हणलं, कोणाच्या का हातानं, भाताचं एक शीत त्याच्या पोटात जाऊ दे."

तिनं स्वतःच पोर पुढं केलं.

त्यानं पानावरचं एक शीत बोटावर घेतलं. मातीनं भरलेलं बोट. धाकूच्या ओठांना लावलं.

ओठ हलले.

घोट गेला.

आणि धाकू रडला! कालपासून पहिल्यांदा, टाहो फोडून, भुकेलं पोर रडतं तसा. हौसानं पदर सारला. पोर ओढून ओढून प्यायला लागलं. ती हसत होती की रडत होती, तिला कळत नव्हतं. सगळा घाट त्या रडण्यानं जागा झाल्यासारखा पाण्याचा आवाजही परत सुरू झाला.

तिनं वर बघितलं. तो उठून उभा होता.

"आमच्याकडं पण येऊ दे भाच्याला जेवायला," तो म्हणाला. "धाडशील ना?"

"धाडीन की, दादा."

काय करणार? कोणी घरी बोलावलं तर आपण नाही म्हणतच नाही. जायचं नसलं तरी 'येऊ की' म्हणतो. जिभेला वळणच तसं आहे. आणि ज्यानं पोर वाचवलं, त्याला 'नाही' म्हणायला तिला तोंड तरी होतं का?

तो वरच्या दरडीच्या दिशेनं गेला. धुक्यात मिसळला.

थोड्या वेळानं तिकडून परत सुरू झालं...

ठक. ठक. ठक.

गंगाराम आले तेव्हा धाकूला घाम फुटला होता, ताप उतरत होता. म्हाताऱ्यानं देवाला हात जोडले. मग त्यांची नजर दुसऱ्या पानावर गेली.

"कोण जेवलं?"

पानावर भात नव्हता. त्याच्या जागी मूठभर ओली लाल माती होती. गंगारामनी ते पान उचलून दरीत भिरकावलं, आणि सुनेला पुन्हा काही विचारलं नाही.

रात्रीचं मी फार सांगत नाही, कारण हौसाआजीही सांगायची नाही. दोघं गाडीत बसून होती. ठकठक थांबली नाही. गंगाराम म्हणत होते, पाण्यानं धोंडे निसटतायत. म्हणत होते, आणि तोंडानं देवाचं नाव घेत होते.

उजाडल्यावर खालच्या बाजूनं रस्त्याचे गडी आले. दरडीतून माणूस जाईल एवढी वाट त्यांनी काढली. त्यांचा मुकादम भागोजी म्हणून होता. हौसानं त्याला विचारलं, "काल वरनं तुमचा माणूस आला होता, तो कोण?"

"वरनं कोण येतंय? वर आमचा गडीच नाय," भागोजी म्हणाला.

मग तिनं घडलं ते सांगितलं. भागोजीनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"बाय, ह्या वळणावर आमी भाकरी खातो, ती डोंगराकडं पाठ करून. मुक्यानं. हितं कोणी कोणाला 'या जेवायला' म्हणत नाय. सख्खा भाऊ गेला तरी नाय."

"का पण?"

"आधीच्या मुकादमानं सांगितलंन. त्याला त्याच्या आधीच्यानं. का, ते कोणी इचारलंच नाय." त्यानं वरच्या दरडीकडं बघितलं. "तू बोलवलंस ते बोलवलंस. त्यानं तुमाला बोलवलंन नाय ना?"

"नाय," हौसा म्हणाली.

पुढं ती वरची दरड गड्यांनी उपसून काढली. खाली कोणी सापडलं नाही. कोणी हरवल्याची खबरही कुठून आली नाही. माती होती, धोंडे होते, बाकी काही नाही.

धाकू बरा झाला. नुसता बरा नाही, असा खादाड झाला की विचारू नका. सकाळी उठला की 'आये, भूक लागली'. जेवून हात धुतला की परत 'आये, भूक लागली'. शेजारणी हसायच्या. हौसाला त्या दोन शब्दांचा कंटाळा म्हणून कधी आला नाही.

तो पाचेक वर्षांचा झाला. परत श्रावण. भर दुपार. बाहेर पाऊस कोसळत होता. हौसानं भात वाढला आणि पडवीत खेळणाऱ्या धाकूला हाक मारली.

उत्तर नाही.

ती बाहेर आली. पडवी रिकामी. अंगण रिकामं. गोठा, विहीर, बांध, सगळीकडं ती ऊर फुटेस्तोवर धावली. शेवटी परत दारात आली, तर...

धाकू पानासमोर बसला होता.

बाहेर एवढा पाऊस, आणि पोर कोरडं ठणठणीत.

"कुठं गेला होतास रे?" तिनं त्याला कवटाळलं. "जेव. भात निवला बघ."

"मना नको. मी जेवलो."

"कोणाकडं?"

"मामाकडं."

तिनं त्याचे हात उघडले. तळव्यांना लाल माती. तोंड उघडायला लावलं. जिभेवर माती.

"आये, तिथं अंधार हाय," तो सहज सांगत होता, जत्रेतली गंमत सांगावी तसा. "खूप माणसं पंगतीला बसलीत. आणि भायेर यायला वाटच नाय."

हौसानं त्याचे खांदे धरले. "मग तू आलास कसा?"

धाकूनं तिच्याकडं बघितलं.

"मी आलो कुठं?"

धाकूकाकांना मी बघितलंय. मोठे झाले, मुंबईत नोकरी केली, लग्न केलं, मुलं झाली. चांगले हाडामांसाचे. हात धरला तर ऊबदार लागायचा. पण त्या दुपारनंतर 'भूक लागली' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. एकदाही नाही.

ते पालीला आले की हौसाआजी जाईपर्यंत त्यांचं पान स्वतः वाढायची. वाढून झालं की हातातला डाव तसाच धरून उभी राहायची, त्यांच्या तोंडाकडं बघत. ते दर वेळी एवढंच म्हणायचे...

"वाढलंयस तर खातो, आये."