खोडलेल्या शब्दाखालची टिंबं

छापखान्याच्या जिन्यावर मी चहाचा कप घेऊन बसले होते. तेवढ्यात एक उंच तरुण दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि माझ्यापाशी थबकला. काखेत कागदांचा गठ्ठा, कपाळावर घाम.

"ती म्हातारी कुठे बसते हो?"

"कोण म्हातारी?"

"मुद्रितं तपासणारी. माझ्या कादंबरीचा मुडदा पाडलाय तिने, लाल पेनाने."

"म्हातारी आहे हे कुणी सांगितलं?"

"एवढा निष्ठुरपणा तरुणपणी जमत नाही. त्याला अख्खं आयुष्य घालवावं लागतं."

मी शांतपणे चहा संपवला. "चला, दाखवते," म्हणत त्याला वर नेलं, माझ्या खुर्चीत ऐटीत बसले आणि म्हणाले, "बोला."

त्याचे कान माझ्या पेनापेक्षा लाल झाले. खरं सांगते, तो मला तिथेच आवडला. पण लगेच कबूल करायला मी काय वेडी आहे?

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसून सहा वर्षांत त्याने ही पहिली कादंबरी लिहिली होती. तिच्यात फडताळातली भांडी राज्य चालवायला पळीला निवडतात, कारण ती स्वतःपाशी काही ठेवत नाही, सगळ्यांना सारखं वाढते. मग पळीच्या डोक्यात सत्ता जाते. मला गोष्ट आवडली होती आणि मी ती मन लावून सुधारलीही होती.

"पहिल्या प्रकरणात पळी काय म्हणते?" त्याने विचारलं.

"'आपण सगळे एकाच फडताळातले.'"

"आणि मी पाचव्यात काय लिहिलं होतं?"

"'आम्ही ठरवलं आहे.' एकच पात्र कधी आपण म्हणतं, कधी आम्ही! मी सगळीकडे आपण केलं. पुस्तकात काही मेळ नको?"

"अहो, तीच तर कादंबरी आहे!" तो कळवळून म्हणाला. "पळी बिघडते ती तिथेच. आपणमध्ये वाट्या-चमचेसुद्धा असतात. आम्ही म्हटलं की ते बाहेर. तुम्ही तिला शेवटपर्यंत सज्जन ठेवलीत… आता वाट्या उगाचच रडतायत."

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत शंका आली की मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायची आणि लेखकाला विचारायची. मग माझ्या काकांनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, मला विभागप्रमुख केलं. खुर्ची आली आणि पेन्सिल ड्रॉवरमध्ये गेली. "आमच्या विभागात हे चालत नाही," असं मी गेल्याच आठवड्यात एका कवीला सुनावलं होतं. विभागात माणसं दोन, त्यातली एक मी.

मी धावत खाली गेले. मशीनवाल्याला कागद मोजून देत काका उभे होते.

"काका, छपाई थांबवा. मी चुकले. लेखकाला न विचारता बदल केले."

काकांनी आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या त्याला. "पाच वाजेपर्यंत वेळ देतो. पुढे महिनाभर मशीन पाठ्यपुस्तकांना दिलंय. तुझ्या खुर्चीचं नंतर बघू."

अडीच तास हातात होते. आमच्या कामात खोडलेला शब्द परत आणायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात. अर्थ एवढाच, की आहे तसं राहू द्या. तो मोठ्याने वाचत गेला, मी टिंबं देत गेले. खालून शाईचा वास येत होता. पळीचा हुकूम वाचताना तो असा काही आवाज काढायचा की मला हसू आवरेना.

"हसू नका, टिंब हलतंय… थांबा जरा."

त्याने अलगद माझा चष्मा काढला, काडी किंचित वाकवली आणि परत चढवला. त्याची बोटं क्षणभर कानामागे टेकली — आणि मी कुठल्या ओळीवर होते तेच विसरले.

"एका बाजूला कलला होता. म्हणून सगळं तिरकं दिसत होतं तुम्हाला."

"मला तर सरळच दिसायचं."

"आणि आता?"

"आता… तुम्ही जरा जवळ दिसताय."

"तो चष्म्याचा दोष नाही," तो हळूच म्हणाला आणि घाईघाईने पान उलटलं.

शेवटचं पान. सगळी भांडी सोडून गेलेली. पळी रिकाम्या फडताळात म्हणते, 'आम्ही एकटे पडलो आहोत.' मी लाल पेन खाली ठेवलं. ड्रॉवर उघडला, पेन्सिल शोधली आणि समासात लिहिलं, 'इथेही आम्हीच?' कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने ते वाचलं. "मघाशी तुम्ही काकांना काय म्हणालात?"

"मी चुकले."

"पळीला हे सहा वर्षांत सुचलं नाही हो." त्याने जुनी ओळ खोडली आणि लिहिलं, 'मी चुकले.'

पाचला सात मिनिटं होती. मी पानं खाली दिली. काका चाळत शेवटच्या पानापर्यंत आले, समासातली पेन्सिलीची ओळ वाचली आणि म्हणाले, "खुर्ची राहू दे तुला. पण ही पेन्सिल परत ड्रॉवरमध्ये जाता कामा नये. आणि हे पान सुधारून आण, खाली काहीतरी खोडलंय."

मी पाहिलं. 'मी चुकले'च्या बऱ्याच खाली, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहून खोडला होता. 'आपण…'

वर आले तेव्हा तो खिडकीपाशी पाठमोरा उभा होता.

"लेखकसाहेब, एक शंका आहे. हे आपण आदराचं, म्हणजे मला उद्देशून? की दोघांचं?"

"खोडलंय ना ते…" कान पुन्हा लाल.

"मी विचारल्याशिवाय काही बदलत नाही. आजपासून."

"दोघांचं," तो म्हणाला. "पण तुम्हाला चालणार असेल तरच."

मी पान खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, पेन्सिल घेतली आणि त्या खोडलेल्या शब्दाखाली एकेक करून टिंबं दिली.