टेबलाखालचा आरसा

जेवणं उरकली होती. शोभनाकाकूंनी बेसमेंटमधले मोठे दिवे घालवले होते आणि मुलं कार्पेटवरच लोळत होती, तेव्हा गुरुनाथकाकांनी सांगायला सुरुवात केली.

"घडलेली गोष्ट आहे. माझ्याबरोबर ऑफिसात होता तो परीक्षित, त्याची. इथलाच, आपल्या ह्या अमेरिकेतल्या डब्लिनचा. पटली नाही तर सोडून द्या."

परीक्षित त्या शनिवारी निघाला होता एक जड वस्तू शोधायला. कुठलीही चालली असती, फक्त जड हवी होती. त्याची आई, पद्मिनीबाई, वडील गेल्यावर नागपूरहून त्याच्याकडे आली होती. वर्षभरात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, आणि रात्री उठून ती बाहेर पडायला लागली. पुढच्या दाराला त्याने उंचावर कडी लावली. पण लिव्हिंग रूममधून मागच्या अंगणात जाणारं काचेचं सरकतं दार होतं. त्याचं कुलूप तिला बरोबर सापडायचं. आडव्या लावलेल्या खुर्च्या ती बाजूला सारायची. डिसेंबरात एकदा ती बर्फात अनवाणी उभी होती. त्याने तिला उचलून आत आणलं, तेव्हा तिचे पाय निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती लागली नसती.

बायको नेत्रा नोकरीसाठी लांब, सांता क्लाराला. महिन्यातून एकदा यायची. दिवसा आईजवळ एक बाई बसायच्या, तेव्हा हा कामावर. रात्री आईची राखण. झोप अशी नाहीच. मीटिंगमध्ये समोरच्याचे ओठ हलायचे, आणि ह्याच्यापर्यंत काहीच पोचायचं नाही.

नदीपलीकडच्या एका जुन्या घरातली मालकीण वारली होती आणि सगळं सामान विकायला काढलं होतं. तिथे त्याला ते टेबल दिसलं. दोनशे वर्षांपूर्वीचं, अमेरिकेतच घडवलेलं. महॉगनीचं लाकूड, वर पांढऱ्या संगमरवराची लादी, पुढे देवळाला असतात तसे दोन खांब, खांबांच्या माथ्यावर सोनेरी पितळ. भिंतीला लावून ठेवायचं टेबल ते. लादीखाली, मागच्या बाजूला, अगदी जमिनीलगत आरसा बसवलेला. पूर्वी बायका त्यात आपल्या स्कर्टची किनार बघून घ्यायच्या म्हणे, असं विकणारी मुलगी सांगत होती. परीक्षितचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने टेबलाचा कोपरा उचलून पाहिला. उचलेना. त्याच घरातला एक लांब सोफाही त्याने घेतला, गुंडाळी केल्यासारखे हात आणि सिंहाच्या पंजासारखे पाय असलेला. राखण करताना निदान पाठ टेकता येईल म्हणून.

"काका, एवढं अँटीक टेबल, आणि दार ब्लॉक करायला?" ईशानने विचारलं.

"दमलेला माणूस वस्तूचं वय बघत नाही रे. वजन बघतो."

टेबल काचेच्या दारापुढे बसलं. सोफ्यावर पडल्या पडल्या खालच्या आरशात खोलीची सगळी जमीन दिसायची, थेट आईच्या दारापर्यंत. मान उचलायला नको. आईची पावलं दिसली की उठायचं, तिला परत नेऊन निजवायचं.

मागच्या भोगीची रात्र. संक्रांतीच्या आधीची. बाहेर घोटे बुडतील एवढा बर्फ. दोन वाजून गेले होते. आरशात आईची पावलं दिसली. अनवाणी. टाचांना भेगा. हळूहळू पुढे येत होती.

शेजारी आणखी दोन पावलं होती.

काळे बूट. बायकांचे, अरुंद. घोट्याशी बटणं.

"शूज? इनसाइड द हाउस?" रुही उठून बसली.

काकांनी नुसती मान हलवली.

परीक्षितने वळून पाहिलं. खोलीत आई एकटीच. एक हात मात्र जरा वर उचललेला... कुणी धरल्यासारखा.

त्याने पुन्हा आरशात पाहिलं.

चार पावलं.

"आई... कोण आहे?"

कित्येक महिन्यांत तिने त्याला ओळखलं नव्हतं. त्या रात्री ओळखलं.

"परीक्षित, झोप तू. ह्या मला फिरवून आणतात. तुला झोप नाही ना... ह्यांना बघवत नाही."

उठायला हवं होतं. तिचा हात आपल्या हातात घ्यायला हवा होता. कळत होतं त्याला. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला 'झोप' म्हणालं होतं.

पाच मिनिटं...

त्याने डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन सोफ्यावर आलं होतं. टेबल तसूभर हललं नव्हतं. दाराला आतून कुलूप. बाहेर बर्फावर एक पाऊल नाही. आई पलंगावर गाढ झोपलेली, गाल लाल. उठल्यावर तिने मागून मागून खाल्लं.

"मग विकलं ना त्याने ते टेबल?" रुहीने हळूच विचारलं.



"नाही."

परीक्षित रोज झोपायला लागला. त्याच सोफ्यावर, आरशाकडे पाठ करून. रात्री पावलं वाजायची. अनवाणी... मग बुटांची. तो वळायचा नाही. आई कुठे जाते, कोण नेतं, त्याने एकदाही विचारलं नाही. हे त्याने पुढे काकांना स्वतःच सांगितलं.

फेब्रुवारीत आई गेली. झोपेतच. नेत्रा आली, दिवस झाले, माणसं परतली. त्या रात्री परीक्षित कितीतरी महिन्यांनी आपल्या पलंगावर, नेत्राशेजारी झोपला. आता राखण करायला घरात कुणी नव्हतं.

सकाळी नेत्रा पांघरूण ओढून घडी करायला गेली... आणि तशीच थांबली.

"रात्री बाहेर गेला होतास?"

"नाही."

दाराला कुलूप. टेबल जागेवर. खिडकीबाहेर बर्फ, कुणी न तुडवलेला.

त्याच्या दोन्ही पायांच्या तळव्यांना ओली काळी माती लागली होती. आणि बोटांच्या बेचक्यात गवत... हिरवंगार, भर उन्हाळ्यातलं.