पिवळी अक्षरं

कॅमेरा मी मुलीच्या पाचव्या वाढदिवसासाठी घेतला होता. चंदेरी, खिशात मावणारा, दुकानातला सगळ्यात स्वस्त. बायको म्हणाली, घ्यायचाच तर जरा बरा घ्या. पण एखादी वस्तू मनात भरली की माझं डोकं चालत नाही. दुकानदाराने स्वतःचे डोळे मिटून माझ्याकडून फोटो काढून घेतला. लगेच पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली, ‘डोळे मिटले आहेत’. एवढ्याशा यंत्राला एवढी अक्कल आहे म्हटल्यावर मी जास्त घासाघीस केली नाही.

मी इस्पितळाच्या शवागारात कारकून आहे. ओळख न पटलेलं प्रेत आलं की समोरून, उजवीकडून आणि डावीकडून असे तीन फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायची, हे माझं काम. त्याच आठवड्यात ऑफिसचा कॅमेरा पडून फुटला आणि नवा येईपर्यंत मी माझाच वापरू लागलो. घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

प्रेताचे डोळे बहुतेक मिटलेलेच असतात, त्यामुळे प्रत्येक फोटोला पिवळी अक्षरं ठरलेली. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला, मग सवय झाली. आमच्या म्हाताऱ्या शिपायाला सगळे पैलवान म्हणायचे, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची तब्येत. तो म्हणायचा, तुमचा कॅमेरा मेलेल्यांनाही शिस्त लावतोय साहेब. आम्ही हसायचो. तिथे हसल्याशिवाय नोकरी होत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी मला चारला निघायचं होतं. तीनच्या सुमारास एक माणूस आणला. पन्नाशीचा, बसथांब्याच्या बाकावर सापडलेला. दोन दिवसांची दाढी, पण स्वेटरची सगळी बटणं नीट लावलेली. डोळे मिटलेले, ओठ जरासे विलग. मृत घोषित केल्याच्या कागदावर डॉक्टरांची सही झालेली होती. मी समोरून फोटो काढला. अक्षरं आली नाहीत.

उजवीकडून काढला, नाहीत. डावीकडून काढला, तरी नाहीत. स्वस्तातला माल, बिघडला असेल, असं म्हणून मी पैलवानाला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्याकडे कॅमेरा धरला. अक्षरं ताबडतोब आली. त्याचा फोटो पुसून टाकला आणि पुन्हा त्या माणसाकडे वळलो.

फिनेलचा वास नेहमीपेक्षा उग्र वाटत होता. थंड पेट्यांच्या यंत्राची घरघर तेवढ्यात थांबली. ती अधूनमधून थांबतेच, पण त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. मी त्या माणसाच्या नाकापुढे हात धरला. मानेवर दोन बोटं ठेवली. काहीच नव्हतं. कातडी गार होती… पण बाकही गारच असणार ना.

“डॉक्टरांना बोलवू या का… एकदा?” मी हळूच म्हणालो.

“आणि सांगायचं काय?” पैलवान म्हणाला. “कॅमेरा नको म्हणतोय?”

घड्याळात साडेतीन झाले होते. डॉक्टर चारचौघांत माझी कशी फजिती करतील ते डोळ्यांपुढे आलं, आणि दारात वाट बघणारी मुलगीही. राहू दे, असं मीच म्हणालो. त्याला थंड पेटीत सरकवून आम्ही दार लावलं. संध्याकाळी मुलीचे आणि केकचे पन्नासएक फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं. मी सहज विचारल्यासारखं करून डॉक्टरांना विचारलं, माणूस कधी गेला असेल? ते हात धुता धुता म्हणाले, इतका वेळ पेटीत राहिल्यावर नक्की सांगणं कठीण. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, काही नाही.

दुपारी त्याची थोरली बहीण आली. ओळख पटवायला आधी फोटो दाखवायचे असा नियम, म्हणून मी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिलं.

“माझाच भाऊ. पण हा तुमच्याकडे एवढा बघत होता… तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत?”

मी म्हटलं, ताई, डोळे मिटलेले आहेत. वाकून पाहिलं तर मिटलेलेच होते.

“नाही हो,” ती शांतपणे म्हणाली. “बाजूने काढलाय, त्यातही तुमच्याकडेच बघतोय.”

मग तिने, गेलेल्या माणसाचे डोळे मिटतात तसा, पडद्यावरून वरून खाली तळवा फिरवला. आणि पिवळी अक्षरं आली. फोटो काढताक्षणी येणारी अक्षरं, जुन्या फोटोवर कधीच न दिसणारी. तिने दुसरा फोटो लावला, तळवा फिरवला. पुन्हा आली. तिसरा लावला आणि पडदा काळा झाला. आदल्या संध्याकाळनंतर मी बॅटरी चार्ज करायला विसरलो होतो.

तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. “एक राहिला. तो आता तुम्ही करा,” एवढंच म्हणाली आणि भावाला घेऊन गेली.

त्याच दिवशी मी बॅटरी चार्ज केली. गेले चार महिने, कुणी आसपास नसलं की, मी त्या तिसऱ्या फोटोवर हात फिरवतो. अक्षरं येत नाहीत. पुसून टाकावा म्हटलं तर बोट बटणावर टेकत नाही.

काल घरी कॅमेऱ्याचं कपाट उघडं राहिलं. मुलगी कॅमेरा घेऊन स्वतःच्या वाढदिवसाचे फोटो बघत बसली होती, एकेक करत मागे मागे जात. केकच्या पहिल्या फोटोच्याही मागे गेली आणि थांबली. मी धावलोच. तिने पडदा माझ्याकडे वळवला.

“बाबा,” ती म्हणाली, “या काकांना एवढी थंडी का वाजतेय?”